वाळवंटातली गुहा आणि नववीतला एक प्रश्न

नववीच्या भूगोलात भूजलाच्या कार्याचा भाग येतो. चुनखडीचा प्रदेश, जमिनीत मुरणारे पाणी, त्यात विरघळणारा दगड, मग तयार होणारी गुहा आणि त्या गुहेतले लवणस्तंभ. छताकडून खाली येणारे अधोमुखी, जमिनीवरून वर जाणारे ऊर्ध्वमुखी. ही आकृती मी गेली अठरा वर्षे फळ्यावर काढत आले आहे. डोळे मिटूनही काढता येईल. पण खराखुरा लवणस्तंभ मात्र मी कधी पाहिला नव्हता. आमच्या सोलापूरकडे खोदाल तिथे काळा दगड लागतो. अजिंठा-वेरूळ मुलांना दाखवून आणले, पण ती माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली लेणी. पाण्याने केलेली गुहा वेगळी.

सहा वर्षांपूर्वी हा भाग शिकवताना मी वर्गात एक तक्ता लावला होता. त्यावर अमेरिकेतल्या कार्ल्सबॅड गुहांचे चित्र चिकटवले होते आणि खाली लिहिले होते, ‘वाळवंटातील चुनखडीच्या गुहा’. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

“मॅडम, वाळवंटात तर पाऊस पडत नाही. मग एवढा दगड विरघळवायला पाणी आलं कुठून? आणि आलं असेल तर गेलं कुठं?”

त्या दिवशी पाठ संपवायचा होता, वर्गात साठ मुले होती आणि खरे सांगायचे तर उत्तर मला येत नव्हते. मी म्हटले, “हे परीक्षेत येणार नाही. खाली बस आणि आकृती काढ.” वर्ग हसला. तो बसला. त्या वर्षात त्याने पुन्हा हात वर केलेला मला आठवत नाही.

दहावीनंतर त्याची शाळा सुटली. घरची परिस्थिती तशी होती. माझ्या एका वाक्यामुळे ती सुटली असे मी म्हणत नाही. तरी दरवर्षी ती आकृती काढताना तो वर केलेला हात मला दिसतो.

गेल्या मे महिन्यात त्या गुहेत जाण्याचा योग आला. माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये ओडेसा या गावी तेलविहिरींच्या कामावर आहे. त्याच्याकडे मी आणि अम्मी महिनाभरासाठी गेलो होतो. यांना रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच. एका शनिवारी भाऊ म्हणाला, “आपा, तुझ्या तक्त्यातल्या गुहा इथून अडीच-तीन तासांवर आहेत. चलणार?”

मी म्हटले, “विचारतोस काय?”

तेलाचा रस्ता

फजर पढून आम्ही निघालो. गाडीत भाऊ, भावजय, अकरा वर्षांचा भाचा, अम्मी आणि मी. डिकीत अम्मीची घडीची व्हीलचेअर, कबाब-रोटीचा डबा आणि पाण्याचे दोन मोठे कॅन. या रस्त्याला पाणी सोबत ठेवल्याशिवाय निघू नये, असे भाऊ सांगत होता.

ओडेसा सोडले की दोन्ही बाजूंना सपाट, तांबूस माळरान. झाड म्हणावे असे काही नाही, नुसती झुडपे. त्या माळावर मैलोन् मैल तेल उपसणारे पंप मान खाली-वर करत उभे. लांबून पाहिले तर हौदावर पाणी पिणारी जनावरे वाटावीत. मधेच उंच नळीच्या तोंडाशी जळणारा वायूचा जाळ, टँकरची रांग आणि कधीकधी काचेतूनही आत येणारा सडक्या अंड्यांसारखा वास.

“हा वास हायड्रोजन सल्फाइडचा,” भाऊ म्हणाला. “तेलाबरोबर जमिनीतून येतो. आम्ही कामावर छातीला एक छोटं यंत्र लावतो. हा वायू वाढला की ते ओरडतं. कारण वायू फार वाढला तर नाक बधिर होतं, वासच येत नाही, आणि माणूस जागेवर कोसळतो.”

अम्मीने लगेच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मीही ऐकून घेतले आणि विसरून गेले. या वायूची गाठ पुन्हा गुहेत पडणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होते?

टेक्सासची हद्द ओलांडून न्यू मेक्सिको राज्यात शिरलो की घड्याळ एक तास मागे जाते. गुहेत शिरण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, त्यामुळे हे लक्षात ठेवायला हवे. आम्ही इंटरनेटवरून साडेदहाची वेळ घेतली होती. त्याचा माणशी एक डॉलर. प्रवेशाचे तिथे पोचल्यावर माणशी १५ डॉलर, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ.

कार्ल्सबॅड शहर मागे टाकले की व्हाइट्स सिटी नावाची छोटी वस्ती लागते. तिथून उद्यानाचा रस्ता डोंगरात वळतो आणि सात मैल, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर, चढत जातो. या डोंगरांचे नाव ग्वाडलूप. स्पॅनिश नावांतला हा ‘ग्वाड’ अरबी ‘वादी’पासून आला आहे. स्पेनमधल्या ग्वादलकिविर नदीचे नावही मुळात ‘अल-वादी अल-कबीर’, म्हणजे मोठी नदी. उर्दूत दरीला आपण वादीच म्हणतो. इतक्या लांबच्या डोंगरावर ओळखीचा शब्द भेटला म्हणून मला उगाच बरे वाटले.

बाहेर चिवावा वाळवंट. हे वाळूच्या टेकड्यांचे वाळवंट नव्हे. खडकाळ उतारांवर निवडुंग, घायपातासारखी टोकदार पानांची झुडपे आणि काटेरी काठ्यांसारखी उभी ओकोटिलो. ऊन असे की गाडीचा दरवाजा हाताला चटका देत होता. सोलापूरच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसाला ते परके वाटले नाही.

साडेसातशे फूट खाली

खाली जायला दोन वाटा आहेत. एक लिफ्ट, ती मिनिटाभरात ७५४ फूट खाली सोडते. इथे लिफ्ट १९३२ पासून आहे. दुसरी वाट गुहेच्या नैसर्गिक तोंडातून पायी उतरण्याची, सव्वा मैलाची. अम्मीचे गुडघे दुखतात, म्हणून अम्मी आणि भावजय लिफ्टने गेल्या. भाऊ, भाचा आणि मी पायी निघालो.

आत सोडण्यापूर्वी उद्यानाच्या कर्मचाऱ्याने, ज्यांना तिथे रेंजर म्हणतात, काही गोष्टी समजावल्या. दगडाला हात लावायचा नाही. आपल्या बोटांचे तेल दगडावर बसते, तो काळा पडतो आणि तिथे पाण्यातला चुना चिकटत नाही, म्हणजे वाढ थांबते. आत साधे पाणी सोडून काही खायचे-प्यायचे नाही, च्युइंगमसुद्धा नाही. कुंडात नाणी टाकायची नाहीत, धातूने पाणी बिघडते. आणि हे बूट घालून आधी दुसऱ्या कुठल्या गुहेत गेला होतात का, हेही विचारले, कारण वटवाघळांना मारणारी एक बुरशी माणसांच्या बुटांतून एका गुहेतून दुसरीत जाऊ शकते.

गुहेचे तोंड म्हणजे डोंगराने घेतलेली मोठी जांभई. त्यात पाकोळ्यांचे थवे आत-बाहेर करत होते. नागमोडी वाट खाली खाली जाते. पहिल्या काही वळणांवर वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र वास येतो. मागे वळून पाहावे तर आभाळाचा तुकडा दर वळणाला लहान होत गेलेला. शेवटी तो नाण्याएवढा झाला आणि मग दिसेनासा झाला.

अंगाला गारवा झोंबू लागला. बाहेर पस्तीसच्या आसपास, आत बारा महिने १३ अंश सेल्सिअस. मी दुपट्टा घट्ट गुंडाळून घेतला. उर्दूत गुहेला ‘ग़ार’ म्हणतात आणि मराठीत थंडगारला ‘गार’. दोन्ही भाषा वर्गात वापरणाऱ्या माझ्यासारखीला त्या वळणावर हसू आले. भाच्याला सांगितले तर तो म्हणाला, “फूफी, मग हा गार ग़ार आहे!”

पाऊण-एक तास आम्ही उतरत होतो. वाट चांगली आहे, कडेला कठडे आहेत, पण उतार तीव्र आहे. पायात पकड असलेले बूट हवेतच. वाटेत छतावरून निखळून पडलेला एक अजस्र खडक आहे. त्याचे वजन दोन लाख टन असल्याचे सांगतात. वाट त्याला वळसा घालून पुढे जाते.

सव्वाआठ एकरांची खोली

खाली पोचल्यावर अम्मी आमची वाट पाहत बसली होती. तिथे स्वच्छतागृहे आहेत, बसायला जागा आहे. मग आम्ही सगळे ‘बिग रूम’ या दालनात शिरलो.

दालन म्हटले तरी हे एका खोलीचे माप नव्हे. जमिनीचे क्षेत्र सव्वाआठ एकरांच्या जवळ, लांबी सुमारे ४,००० फूट आणि छत सर्वांत उंच ठिकाणी २५५ फूट. उत्तर अमेरिकेत आकारमानाने एवढे मोठे दुसरे गुहादालन नाही. त्यातून सव्वा मैलाची वाट फिरते आणि तिचा बराचसा भाग व्हीलचेअरने करता येतो. घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांना मागे ठेवण्याचे कारण नाही, हे मुद्दाम सांगते.

आणि तिथे ते होते. अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी. अठरा वर्षे मी खडूने जे दोन इंचांचे काढत होते ते साठ फुटांचे होऊन समोर उभे. जायंट डोम नावाचा एक स्तंभ ६२ फूट उंच आहे. कुठे छतावरून सुईसारख्या बारीक हजारो नळ्या, कुठे वाळत घातलेल्या साडीसारख्या दगडाच्या चुण्या, कुठे वरचा आणि खालचा स्तंभ जोडून झालेला खांब. दिवे मंद ठेवलेले. माणसे आपोआप हळू बोलत होती.

अम्मी चौथीपर्यंत शिकलेली. तिने पहिला प्रश्न केला, “हे कुणी कोरलं?”

“कुणी नाही, अम्मी. पाणी ठिबकून झालं. थेंबातला चुना मागे राहतो.”

“किती दिवस लागले?”

“पाच लाख वर्षांच्याही आधीपासून थेंब पडत होते.”

ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, “आणि इतके दिवस हे सगळं अंधारातच होतं? बघायला कुणी नसताना?”

“हो.”

“मग आता ठिबकत का नाही? मला तर एकही थेंब पडताना दिसला नाही.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि थांबले. आजूबाजूचे बहुतेक स्तंभ खरोखरच कोरडे होते. हा त्या मुलाचाच प्रश्न होता. पाणी आले कुठून, गेले कुठे? अम्मीला मी ‘परीक्षेत येणार नाही’ असे सांगू शकत नव्हते.

वाटेवर एक रेंजर बाई उभ्या होत्या. माझे इंग्रजी वाचण्यापुरते बरे, बोलायला अडखळते. भाऊ म्हणाला, मी विचारतो. पण मीच पुढे झाले. शब्द जुळवत मी विचारले की, मी शिक्षिका आहे, माझ्या एका विद्यार्थ्याने हे विचारले होते आणि मला सांगता आले नव्हते.

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी घाई न करता समजावले. जे मला समजले ते असे.

सुमारे साडेसव्वीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या काठाने स्पंज, शेवाळे अशा जिवांच्या चुनखडीची एक लांबलचक भिंत तयार झाली. समुद्र आटला, भिंत गाळाखाली गाडली गेली. पुढे फार उशिरा जमीन वर उचलली जाऊ लागली आणि तिला भेगा पडल्या. शेजारच्या प्रदेशात जमिनीखाली तेल आणि वायू साठलेले होते. त्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वर झिरपला. वरच्या पाण्यातल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग झाला आणि तयार झाले सल्फ्युरिक आम्ल. चाळीस ते साठ लाख वर्षांपूर्वी या तेजाबाने चुनखडी खाल्ली आणि ही दालने पोकळ झाली.

म्हणजे ही पोकळी माझ्या पुस्तकातल्या रीतीने झालीच नव्हती. जगातल्या बहुतेक चुनखडीच्या गुहा पावसाच्या पाण्याने होतात. ते पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते आणि वरून खाली दगड विरघळवत जाते. इथे मात्र काम खालून झाले, आणि कितीतरी जहाल आम्लाने.

मग पाणी गेले कुठे? डोंगर आणखी वर उचलला गेला तशी भूजलाची पातळी खाली गेली आणि दालने रिकामी झाली. त्यानंतर पावसाचे थेंब वरून झिरपू लागले आणि त्यांनी लवणस्तंभ घडवले. म्हणजे सजावट पुस्तकाप्रमाणे, खोदकाम मात्र निराळे. तेव्हा हा प्रदेश आजच्याइतका कोरडा नव्हता. हवामान बदलले, वाळवंट झाले, ठिबकणे थांबत गेले. आज फार थोडे स्तंभ वाढत आहेत.

त्यांनी बोटाने एका बाजूला पांढरट दगडाचे ढीग दाखवले. ते जिप्सम, म्हणजे ज्याचे प्लास्टर करतात ते. सल्फ्युरिक आम्ल चुनखडीवर पडले की जिप्सम मागे उरते. तोच इथला पुरावा.

भाऊ मागे उभा राहून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, “आपा, ज्या वायूला घाबरून मी छातीला यंत्र लावतो, त्यानेच हे घर बांधलं.”

मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो मागचा बाक होता. मुलाने विचारले होते, वाळवंटात पाणी कुठून आले. त्याची शंका बरोबर होती. पुस्तकातली रीत या जागी लागू पडत नव्हती आणि हे पंधरा वर्षांच्या मुलाला नुसत्या चित्रावरून खटकले होते. साठ मुलांत एकाला खटकले, आणि त्यालाच मी खाली बसवले.

धूर पाहणारा पोरगा

दुपारी लिफ्टने वर आलो. सावली शोधून डबा उघडला. जुहरची नमाज पढताना भावाने कंपास लावून किबला दाखवला. आपल्याकडे आपण पश्चिमेला तोंड करतो, तिथे ईशान्येला करावे लागते. पृथ्वी गोल आहे हे मी दरवर्षी शिकवते, त्या दिवशी जानमाजवर उभी राहून ते पुन्हा समजले.

संध्याकाळी थांबायचे ठरले, कारण मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत इथे वटवाघळांचे बाहेर पडणे पाहता येते. गुहेच्या तोंडासमोर दगडी पायऱ्यांची प्रेक्षागृहासारखी बैठक आहे. त्याला तिकीट नाही. मात्र मोबाइल, कॅमेरा, सगळे बंद करून ठेवायला लावतात, वटवाघळांना त्रास होतो म्हणून. शेकडो माणसे मोबाइल न काढता एका दिशेला पाहत बसली आहेत, हे दृश्यही आता दुर्मीळच.

वाट पाहताना रेंजरने जिम व्हाइटची हकिकत सांगितली. १८९८ साली तो सोळा वर्षांचा होता आणि इथल्या कुरणांवर गुरे राखत असे. एका संध्याकाळी त्याला डोंगरातून काळा धूर निघताना दिसला. धूर म्हणावा तर आग नाही, वावटळ म्हणावी तर जागची हलत नाही. तो जवळ गेला तेव्हा कळले की ती लाखो वटवाघळे आहेत. एवढी वटवाघळे मावतात ती जागा केवढी असेल, असा विचार करून तो तारेची शिडी आणि घासलेटचा कंदील घेऊन आत उतरला.

नंतरची कितीतरी वर्षे तो लोकांना सांगत राहिला की खाली महालासारखी दालने आहेत. लोकांना ते खरे वाटेना. त्यांना गुहेतल्या विष्ठेत रस होता. ती खत म्हणून खणून कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांना जायची आणि त्या कामावर जिमही होता. पुढे आतले फोटो निघाले तेव्हा लोकांचा विश्वास बसू लागला. सुरुवातीच्या पाहुण्यांना त्याने खत काढायच्या लोखंडी बादलीत बसवून खाली सोडले. १९२३ मध्ये सरकारने ही गुहा राष्ट्रीय स्मारक केली, १९३० मध्ये राष्ट्रीय उद्यान. १९९५ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. आपले अजिंठा-वेरूळ त्या यादीत १९८३ पासून आहेत.

गोष्ट संपली आणि रेंजरने विचारले, कुणाला काही विचारायचे आहे? भाच्याने हात वर केला. “एवढ्या अंधारात ती एकमेकांवर आपटत कशी नाहीत?” रेंजर त्याच्या पायरीपर्यंत आला, प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा म्हणून दाखवला आणि मग उत्तर दिले. वटवाघूळ आवाज काढते, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्यावरून त्याला वाट कळते. उत्तर मला माहीत होते. मी पाहत होते ते प्रश्न पुन्हा म्हणून दाखवणे.

सूर्य कलला तशा पाकोळ्या आत गेल्या. मग कुणीतरी ‘श्श’ म्हणाले. गुहेच्या तोंडातून आधी दोन-चार, मग शंभर-दोनशे, मग मोजता येणार नाहीत एवढी वटवाघळे गोल गोल फिरत वर चढू लागली. मूठभर देहाचे ते जीव, पण त्यांच्या पंखांचा आवाज दूरच्या पावसासारखा येत होता. वर जाऊन त्यांची एक लांब पट्टी झाली आणि ती रात्रभर किडे टिपायला निघून गेली. लांबून पाहणाऱ्याला धूरच वाटेल. अम्मीने माझा हात धरून ठेवला होता. “सुभानअल्लाह,” एवढेच ती म्हणाली.

मगरिब गाडीजवळ पढून आम्ही परत फिरलो. रात्री माळावर वायूचे जाळ जळताना दिसत होते. सकाळी मी ते नुसते पाहिले होते. आता त्यांच्याखाली अजून कुठे काय पोकळ झाले असेल, असा विचार येत होता.

शहाबादी फरशी

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मी त्या मुलाचा पत्ता काढला. तो आता एकवीस वर्षांचा आहे आणि एका गॅरेजमध्ये काम करतो. दुपारी गेले तेव्हा तो रिक्षाची बॅटरी खोलून बसला होता. मला पाहून उठला, हात पुसले, सलाम केला, स्टूल आणले.

मी सांगितले, “तू नववीत मला एक प्रश्न विचारला होतास. वाळवंटात गुहेला पाणी कुठून आलं म्हणून. मी तुला खाली बसवलं होतं.”

तो गोंधळला. “मी विचारला होता, मॅडम? मला आठवत नाही.”

“मला आठवतं. तू बरोबर होतास आणि मला उत्तर येत नव्हतं. तेव्हा ते सांगायला हवं होतं.”

तो काही बोलला नाही, खाली पाहत राहिला. मग मी त्याला सगळे सांगितले. समुद्र, तेल, वायू, सल्फ्युरिक आम्ल. तिथे त्याने मान वर केली.

“म्हणजे बॅटरीचं ॲसिड?”

“तेच.”

“ते चुनखडी खातं?”

“खातं. फेस येतो आणि पांढरं जिप्सम उरतं.”

तो उठला. कोपऱ्यात जिथे बॅटऱ्या ठेवतात तिथली गोणपाटे त्याने बाजूला सारली. खाली शहाबादी फरशी होती. तिला ठिकठिकाणी खळगे पडले होते, काही बोटभर खोल, आणि त्यांच्या कडांना पांढरी भुकटी धरलेली.

“ही शहाबादी पण चुनखडीच ना, मॅडम? चार वर्षं झाली, बघतोय. मालक म्हणतो, नीट काम कर, फरशी खराब होते.”

मी वाकून पाहिले. शहाबादी फरशी चुनखडीचीच असते. माझ्या स्वयंपाकघरातही तीच आहे, आणि तिच्यावर लिंबू सांडले की पांढरा डाग पडतो म्हणून मी मुलींना कितीदा रागावले आहे. मी अठरा वर्षे ज्या पाठाची आकृती काढत होते, तो पाठ माझ्या पायाखाली होता.

“मग त्या गुहेत आता ॲसिड नाही का?” त्याने विचारले. “संपलं?”

मी स्टूल पुढे ओढले. त्याने मालकाकडे एकदा पाहिले आणि समोर बसला. त्या दुपारी त्याने सात-आठ प्रश्न विचारले. दोनांची उत्तरे मला आली नाहीत. ती मी त्याच्यासमोरच वहीत लिहून घेतली.

यंदा भूजलाचा पाठ येईल तेव्हा मी वर्गात शहाबादीचा एक तुकडा आणि लिंबू घेऊन जाणार आहे. तुकडा त्यानेच दिला आहे, खळगे पडलेला.